एका तबकडीचा भरवसा

साखऱ्यात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी माझी अम्मा अधूनमधून जात्यावर बसायचीच. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर ओवी यायची ती मराठीच. समोर बसलेली शेजारीण खुंट्याला हात लावायची आणि एकीची ओवी दुसरीच्या तोंडी जायची. अम्मा १९९४ साली गेली. तिच्या कुठल्या ओव्या गावभरच्या होत्या आणि कुठल्या तिच्या एकटीच्या, हे आम्हाला त्यानंतर कळलं. गावभरच्या पुढेही कानावर येत राहिल्या. तिच्या एकटीच्या होत्या त्या तिच्याबरोबर गेल्या.

आज बोलायचं आहे ते संगणकाच्या तबकडीबद्दल, म्हणजे हार्ड डिस्कबद्दल. मी बी.ए. झालेला माणूस, यंत्रातलं फार कळतं असा माझा दावा नाही. पण एकाच डोक्यात साठवलेली ओवी आणि एकाच तबकडीवर साठवलेली माहिती यांचं नशीब सारखंच असतं, एवढं मला अम्मामुळे चटकन समजलं.

या तबकडीचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम कंपनीने त्या वर्षी 'रॅमॅक' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणयंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत आणि त्या सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. पुढे तीस वर्षं मोठ्या कचेऱ्यांतून अशीच मोठी, महागडी यंत्रं वापरात होती. दरम्यान घरगुती संगणक आले आणि त्यांच्यासाठी लहान, स्वस्त तबकड्या निघाल्या. तेव्हा अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक साधा प्रश्न विचारला: एका महागड्या हत्तीऐवजी शंभर स्वस्त बैल जुंपले तर?

अडचण त्यांनीच मांडली. एक स्वस्त तबकडी सरासरी ३० हजार तास, म्हणजे साधारण साडेतीन वर्षं टिकते असं धरलं, तर शंभरांच्या कळपात कुठली तरी एक ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच मान टाकणार. माहिती सगळ्यांवर विखुरलेली असेल तर एक गेली की सगळंच गेलं. त्यावरचा उपाय त्यांनी १९८८ साली शिकागोच्या परिषदेत वाचलेल्या निबंधात सांगितला. नाव दिलं 'रेड', म्हणजे स्वस्त तबकड्यांची अशी रांग, जिच्यात थोडं जास्तीचं भरून ठेवलेलं असतं. इन्कमटॅक्सच्या धाडीशी या रेडचा संबंध नाही. कल्पना सर्वस्वी त्यांची होती असंही नाही. गेलेला भाग पुन्हा उभा करण्याच्या युक्तीचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन आऊची यांना १९७८ मध्येच मिळालं होतं. पण या तिघांनी सगळ्या युक्त्या एका माळेत ओवल्या, त्यांना क्रमांक दिले, आणि बाजाराने तेच नाव उचललं.

यातली सर्वांत सोपी तऱ्हा आरशाची. जे एका तबकडीवर लिहायचं तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक बिघडली तर दुसरी आहेच, पण खर्च दुप्पट. दुसरी तऱ्हा मला फार आवडते, कारण ती आपली एकी-बेकीच आहे. तीन पोरं मुठी झाकून उभी आहेत. प्रत्येकाच्या मुठीत एक चिंचोका आहे किंवा मूठ रिकामी आहे. चौथ्या पोराने मुठीत काही धरायचं नाही, सगळे चिंचोके मिळून एकी झाली की बेकी एवढंच ध्यानात ठेवायचं. समजा पहिल्याकडे एक, दुसऱ्याची मूठ रिकामी, तिसऱ्याकडे एक. म्हणजे बेकी. आता तिसरा पळून गेला. उरलेल्या दोघांच्या मुठी उघडल्या तर निघाली एकी, आणि चौथा सांगतोय बेकी. म्हणजे पळालेल्याच्या मुठीत चिंचोका होता! चार तबकड्यांपैकी कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघींना विचारून तिचं अक्षर न् अक्षर परत लिहिता येतं. पुढच्या सुधारणेत चौथ्याचं काम सगळ्यांनी पाळीपाळीने करायचं ठरलं, म्हणजे एकावरच भार नको.

वेबसाइटना जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा धंदा याच भरवशावर उभा राहिला. एका यंत्रावर शेकडो लोकांची पानं असतात. तबकडी बिघडली की माणूस चालू यंत्रातूनच ती काढतो, नवी बसवतो, आणि पान वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पुढे तबकड्या इतक्या मोठ्या झाल्या की नवी भरून निघायला तासच काय, कधी कधी दिवस लागू लागले. तेवढ्यात दुसरीनेही दगा दिला तर? म्हणून मग दोन हिशेबनीस ठेवायची पद्धत आली.

मीही अशाच एका ठिकाणी जागा घेतली होती. अम्माच्या ओव्या गेल्या, निदान खालाच्या तरी राहाव्यात म्हणून तिच्याकडून ऐकून चाळीस ओव्या टाइप करून तिथे ठेवल्या. वहीत उतरवायचा कंटाळा केला. यंत्रात आरशाची सोय आहे हे मला ठाऊक होतं. एका रात्री जुनं आवरता आवरता भलताच फोल्डर पुसला. माझ्याच हाताने. आरशाने आपलं काम चोख केलं: पहिल्या तबकडीवरचं पुसलं त्याच क्षणी दुसरीवरचंही पुसलं. तबकडी मेली तर आरसा वाचवतो. मालक चुकला तर तोही इमानदारीने चुकतो. खाला तोवर वारली होती. परभणीच्या एका मित्राला पूर्वी पोस्टाने पाठवलेल्या कागदांत तेवीस ओव्या सापडल्या. सतरा गेल्या.

मोठ्यांचीही फजिती होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला, तो पावणेचारला पुन्हा उघडला. मुख्य केंद्राशिवाय जवळच दुसरं केंद्र होतं, दोहोंना जोडणाऱ्या तारा दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या. एक्स्चेंजच्या खुलाशाप्रमाणे दोन्हींत एकाच दिवशी बिघाड झाला, मुख्यतः वाटेवरच्या खोदकामामुळे, आणि मग साठवणीची यंत्रणा मुख्य संगणकांना सापडेनाशी झाली.

म्हणून मला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचं काम मोठं वाटतं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आधी कागदावर उतरवल्या. मग बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीतसंशोधक येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. ते गुडगावच्या संग्रहालयाने जपलं, पुढे फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या भाषासंग्रहात गेलं, आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या कुणालाही ऐकता येऊ लागल्या.

उरलेल्या तेवीस ओव्यांची मी आता वही केली आहे. एक नक्कल नांदेडला लेकीकडे, एक परभणीच्या त्याच मित्राकडे, आणि एक साखऱ्यात, अम्माच्या पत्र्याच्या पेटीत.