ग्लो प्लगमधील बिघाडांचे निदान

ग्लो प्लग (बोलीभाषेत हीटर प्लग) हे थंड डिझेल इंजिन सुरू करताना त्याचा ज्वलनकक्ष तापविणारे विद्युत् उपकरण होय. बंद पडलेला प्लग बदलता येतो. परंतु तो कशामुळे बंद पडला हे न शोधल्यास नवा प्लगही लवकर निकामी होऊ शकतो. त्यामुळे निदान करताना दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात : दोष प्लगमध्ये आहे की त्याच्या विद्युत् मंडलात, आणि प्लग जळण्याचे मूळ कारण कोणते.

कार्य व रचना

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. दट्ट्याने दाबलेली हवा अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंजिन थंड असल्यास या हवेतील बरीच उष्णता सिलिंडरच्या धातूत शोषली जाते व इंधन नीट पेटत नाही. ही उणीव ग्लो प्लग भरून काढतो.

धातूच्या प्लगमध्ये पोलादी नळीत तापणारे वेटोळे असते व त्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. पूर्वकक्ष असलेल्या इंजिनांत उष्णतेचा ऱ्हास अधिक होत असल्याने प्लगची गरज जास्त भासते. अँबॅसडर मोटारीचे १४८९ घन सेंमी.चे डिझेल इंजिन या प्रकारचे होते. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिने उष्ण हवामानात प्लगविनाही बहुधा सुरू होतात. त्यामुळे कोकणात वर्षभर लक्षात न आलेला बिघाड निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या पहाटे उघड होऊ शकतो.

लक्षणे

थंड इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, सुरू होताना न जळलेल्या डिझेलच्या वासाचा पांढुरका धूर येणे आणि पहिली काही मिनिटे इंजिन अडखळत चालणे ही प्रमुख लक्षणे होत. अनेक आधुनिक वाहनांत वेटोळ्याच्या चिन्हाचा दिवा लुकलुकतो. काही वाहनांत अशा बिघाडामुळे धुरातील काजळी अडविणाऱ्या गाळणीची स्वयंशुद्धीही थांबते.

गरम इंजिनही सहज सुरू होत नसेल, तर दोष बहुधा अन्यत्र असतो. क्षीण बॅटरी, मंद फिरणारा स्टार्टर, इंधननळीत शिरलेली हवा आणि सिलिंडरमधील अपुरा दाब यांमुळेही इंजिन सुरू होण्यास अडचण येते. म्हणून या बाबी आधी तपासणे इष्ट असते.

तपासणीचा क्रम

१. विद्युत् पुरवठा : इंजिन थंड असताना चावी फिरवून प्लगच्या अग्रावरील विद्युत् दाब मोजतात. दाब अजिबात नसल्यास फ्यूज, रिले, तारा, तापमान संवेदक किंवा नियंत्रक यांत दोष असतो. अशा वेळी प्लग बदलून उपयोग होत नाही.

२. रोध : प्लगची तार सोडवून त्याचे अग्र व इंजिनाचा धातू यांमधील रोध मल्टिमीटरने मोजतात. १२ व्होल्टच्या सामान्य प्लगचा रोध थंड अवस्थेत सुमारे ०.५ ते २ ओहम असतो. तो अनंत दिसल्यास आतील वेटोळे तुटलेले असते. मापे इतकी लहान असल्यामुळे मल्टिमीटरची दोन टोके प्रथम एकमेकांना जोडून येणारे माप वजा करावे लागते. सर्व प्लगांची मापे परस्परांशी ताडून पाहिल्यास सदोष प्लग ओळखणे सोपे जाते.

३. प्रवाह : ०.६ ओहम रोधाच्या प्लगमधून १२ व्होल्टला आरंभी २० अँपिअर प्रवाह वाहतो. प्लग तापला की रोध वाढतो आणि प्रवाह घटतो. चार प्लगांच्या समांतर मंडलात एकूण प्रवाह अपेक्षेपेक्षा चतुर्थांशाने कमी असल्यास एक प्लग बंद असल्याचे समजते. जुन्या एकसरी जोडणीत मात्र एक वेटोळे तुटले की सर्वच प्लग थंड राहतात.

काढलेल्या प्लगवरील खुणा

प्लगचे टोक वितळलेले किंवा तुटलेले असल्यास इंजेक्टर नीट फवारा न करता इंधन गाळत असण्याची किंवा इंधन वेळेआधी फवारले जात असण्याची शक्यता असते. नळी फुगलेली असल्यास विद्युत् दाब जास्त मिळाला असावा किंवा रिले चिकटून प्रवाह चालूच राहिला असावा. अशा खुणा दिसूनही केवळ प्लग बदलल्यास मूळ दोष तसाच राहतो. शिवाय तुटलेले टोक सिलिंडरमध्ये पडल्यास दट्ट्याची मोठी हानी होते.

दक्षता

सिरॅमिक प्लग आणि ५ किंवा ७ व्होल्टचे प्लग थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून तपासू नयेत. ते तत्काळ जळू शकतात. सिरॅमिक टोक ठिसूळ असल्याने खाली पडलेला प्लग पुन्हा वापरत नाहीत. घट्ट बसलेला प्लग जोर लावून काढल्यास सिलिंडर हेडमध्येच तुटतो व प्रसंगी हेड उतरवावे लागते. त्यामुळे आट्यांवर गंज सैल करणारे तेल सोडून, इंजिन कोमट असताना, उत्पादकाने ठरवून दिलेल्या पिळापेक्षा अधिक जोर न लावता तो काढतात. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरयुक्त फवारा वापरणे धोक्याचे असते. तापलेल्या टोकामुळे ईथर अवेळी पेटून इंजिनाची हानी होऊ शकते.