पराणी, स्प्रिंग आणि शर्यतीचा नियम

देशावरून हुबळी-धारवाडकडे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या शेतकरी घराण्यांतील वडीलधाऱ्यांनी पराणी पाहिली असेलच. काठीच्या टोकाला लोखंडी आर. नांगराचा बैल अडला की टोचावयाची. शेतात ती अवजार होती. शर्यतीच्या माळावर तीच लबाडीचे साधन केव्हा ठरली, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

मोटारींच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. १९ जून १९४९ रोजी अमेरिकेत शार्लट येथे नॅस्कार या संस्थेने, कारखान्यातून निघतात तशाच मोटारींची म्हणून शर्यत भरवली. ग्लेन डनवे हा फोर्ड घेऊन पहिला आला. तपासणीत गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार आढळला. डनवे बाद झाला व विजय जिम रोपरकडे गेला. मौज अशी, की ही युक्ती चोरटी दारू वाहणाऱ्यांची होती, आणि ती गाडीही त्याच कामातली! मालकाने न्यायालय गाठले. दावा फेटाळला गेला. धंद्यातली सोय नियमाच्या एका ओळीने लबाडी झाली.

आपल्या बैलगाड्यांचेही तसेच झाले. मात्र स्प्रिंगेला वेदना नसते. पुणे जिल्ह्यातील घाटात गाडा एकटा धावतो व घड्याळ निकाल देते. सांगली-कोल्हापूरकडे गाड्या एकत्र सुटतात, तेथे हाकणाऱ्याला मोह अधिक: शेपटी पिरगाळणे, आर टोचणे, अलीकडे तर बॅटरीचा झटका. पंचांची नजर निशाणावर. हाताकडे कोण पाहणार?

ते काम न्यायालयावर आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी १९६० च्या केंद्रीय कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्राच्या नियमांनी अंतर १००० मीटरांपुरते मर्यादित केले. काठी, चाबूक, विजेचे साधन वर्ज्य ठरवले. १६ डिसेंबर २०२१ रोजी तेथे शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही राज्यांच्या दुरुस्त्या, तामिळनाडूच्या दुरुस्तीसह, वैध मानल्या.

नियम योग्यच आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत. तरीही पराणी हाती धरलेल्या आजोबांना लबाड म्हणण्यास जीभ रेटत नाही. बैलाची साक्ष तेव्हा कोणी काढलीच नव्हती.