माढे तालुक्यातील पालेभाजी

ज्वारीच्या भाकरीबरोबर पालेभाजी हा सोलापूर जिल्ह्यातील घरोघरचा नित्याचा पदार्थ होय. तेलात लसूण व मिरची परतावयाची, निवडून धुतलेला पाला वर घालावयाचा, मीठ टाकावयाचे. पाला आपल्याच पाण्यात शिजला की भाजी तयार. इतक्या अल्प वेळात सिद्ध होणाऱ्या पदार्थाला इतिहास तो कोणता, असे कोणासही वाटेल. परंतु या भाजीचा इतिहास चुलीपाशी नव्हे, शेतात सुरू होतो.

पुणे-सोलापूर मार्गावरील टेंभुर्णी हे माढे तालुक्यातील गाव. हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून रब्बीची ज्वारी पेरावी, तिच्या जोडीला करडई व हरभरा घ्यावा, ही येथील जुनी रीत. भाजी याच रीतीतून मिळे. करडई दाट उगवली म्हणजे विरळावी लागे, आणि उपटलेली कोवळी रोपे टोपलीत पडत. पुढे पानांना काटे आले की तीच करडई जनावरांना अडविणारे कुंपण बने, आणि शेवटी तिच्या बियांचे तेल फोडणीस येई. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडास फांद्या अधिक फुटतात. खुडणारीस भाजी मिळे व पीकही सुधारे. घोळ, तांदुळजा, पाथरी या तर कोणी पेरीत नसे. खुरपणीत तण म्हणून निघत आणि ओटीतून घरी येत. दिवसभर राबून परतलेल्या बाईजवळ वेळ थोडा व सरपण त्याहून थोडे. तेव्हा चटकन शिजणे हा या भाजीचा मोठाच गुण ठरला.

पाला जुना असला तरी तिखट नवे आहे. मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. ज्या भुईमुगाच्या कुटावाचून सोलापूरकडील भाजी आज अपुरी वाटते, तोही त्याच खंडातला. ज्यास आपण परंपरेचा पदार्थ म्हणतो, त्यात असे दूरचे पाहुणे मुरलेले असतात.

या पाल्याची खरी कसोटी दुष्काळात लागली. 1876 ते 1878 या वर्षांत दख्खन होरपळली, आणि सोलापूर जिल्हा तीत सापडला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा इतकी खाली आणण्याचा आग्रह धरला; पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध तक्रार मांडली. एक पौंड धान्यावर कष्टाचे काम करणाऱ्याचे पोट भरत नाही. उरलेली भूक माळावरच्या व बांधावरच्या वनस्पतींनी भागविण्याचा प्रयत्न लोकांनी केला. 1886 साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या वनस्पतिविषयक खंडात अशा दुष्काळी वनस्पतींची नोंद आढळते. विद्वानांनी जे कागदावर उतरविले, ते खुरपणाऱ्या बायांना आधीपासून पाठ होते. पाल्याने उपासमार टळत नाही, हेही तितकेच खरे. पाऊसच नसेल तर तणही उगवत नाही. तरी पहिल्या सरीनंतर, पीक हाती येण्याच्या कितीतरी आधी, जमीन माणसाला जे देते ते हेच.

1980 साली टेंभुर्णीजवळच भीमेवरील उजनीचे धरण पुरे झाले आणि या भागाचा नूर पालटला. ज्वारी-करडईच्या रानात ऊस उभा राहिला. पूर्वीची टंचाई परत यावी, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु उसाच्या सरीत करडईची विरळणी नाही, आणि रुंद पानांचे तण मारणारे औषध फवारले की घोळ व तांदुळजाही त्यात जातात. भाजी आता बाजारातून जुडीने येते; मेथी, पालक, शेपू एवढ्यावर ताट भागते.

पदार्थ तोच राहिला, फोडणीही तीच; मात्र कोणते तण खावे, कोणते टाकावे आणि कोणते पान कोणत्या दिवसांत कोवळे असते, ही ओळख कमी झाली. ती कोणत्याही शाळेत शिकविली जात नसे. आईच्या मागे खुरपे घेऊन चालणाऱ्या मुलीला ती आपोआप येई. ज्या घरांत अशा आजीबाई आहेत, त्या घरांनी ही नावे तिच्याकडून विचारून घ्यावीत. पाऊस फिरला तर ती पुन्हा उपयोगी पडतील.