भिंतीवर वर्तुळ, गल्लीत क्रूस

चर्नी रोडला तुमच्याबरोबर फारसं कोणी उतरत नाही. समोरच्या फलाटावर मात्र पाय ठेवायला जागा नाही. ट्रंका, वळकट्या, कळश्या, कडेवर पोरं. सगळ्यांना मुंबईबाहेर पडायचंय. साल 1897, जानेवारी संपत आलाय, शहरात प्लेग आहे. सव्वाआठ लाखांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं फेब्रुवारीपर्यंत निघून गेलेली असतील.

तुम्ही उलट दिशेने चालू लागता, गिरगावच्या आत. उघड्या गटारातून कार्बोलिकचा उग्र दर्प येतो. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. सोनापूरच्या स्मशानाकडून धूर येतोय, सकाळपासून तसाच. सेंट तेरेसा चर्चचं दार उघडं आहे. 1773 पासून ते इथे उभं आहे, पण एकाच दिवशी इतक्या घरांतून पाद्रीला बोलावणं येण्याची सवय त्यालाही नसावी.

खोताच्या वाडीत शिरा. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने ही जमीन तुकड्यातुकड्याने दिली, आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी तिच्यावर लाकडी घरं बांधली: पुढे ओटा, बाहेरून जिना. दहा वर्षांपूर्वी, 1887 साली, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. बोली मराठीच. आज ओट्यांवर कोणी नाही. अर्धी घरं बंद, माणसं वसईला किंवा साष्टीतल्या नातेवाइकांकडे गेलेली. श्रद्धा असली म्हणजे पाय जागेवरून हलत नाहीत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ख्रिस्ती माणसंही पळाली, आणि घरात लहान मूल असताना पळणाऱ्याला नावं ठेवायचा हक्क मला तरी नाही.

एका घरातून कण्हणं ऐकू येतं. आत जा. खाटेवर विशीतला मुलगा आहे. डोळे तांबारलेले, जांघेत लिंबाएवढी गाठ. पाद्री त्याच्या उशाशी बसलाय. आवाज इतका क्षीण की पापांची कबुली ऐकायला त्याला कान मुलाच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. मग तो कपाळाला पवित्र तेल लावतो, उघड्या बोटाने. रोग कसा पसरतो हे त्याला नक्की ठाऊक नाही. उंदीर आणि पिसवांचं गणित अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. जवळ गेलेला माणूस मरतो अशी भीती मात्र घरोघरी आहे. तरी तो जवळ गेलाय. मला या साथीतल्या धर्माबद्दल काही सांगायचं असेल, तर ते या हातभर अंतराबद्दल आहे.

दुसरी गोष्ट सांगण्यासाठी तुम्हाला चार महिने मागे, मांडवीत न्यावं लागेल. धान्याच्या वखारी, कोंदट चाळी, मेलेले उंदीर. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. आकासियो गॅब्रिएल व्हिएगस इथे एक रोगी तपासतात आणि हा गाठीचा प्लेग आहे असं उघड सांगतात. गोव्यातल्या हडफड्याचा हा कॅथलिक डॉक्टर नगरपालिकेचा सभासदही आहे. प्लेगचं नाव घेतलं की बंदरावर निर्बंध येणार, व्यापार बसणार. बाजारपेठेत दवाखाना चालवणाऱ्या माणसाने हे बोलायला छाती लागते. लपवणारे पुष्कळ असताना ते बोलले.

परत गिरगावात या, पण आता मार्च उजाडलाय. सरकारने नेमलेली जनरल गॅटेकरची प्लेग कमिटी कामाला लागलीय. सोजीर घरांत शिरतात, सामान रस्त्यावर येतं, कौलं काढून आत ऊन सोडलं जातं, रोग्याला इस्पितळात नेतात. प्लेग झालेल्या घराच्या भिंतीवर वर्तुळ काढतात. लोकांना रोगाइतकीच इस्पितळाची दहशत. गेल्या 29 ऑक्टोबरलाच गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. माणूस आत जातो तो परत येत नाही, अशी बोलवा होती. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्येही आता प्लेगचे रोगी आहेत. शहरातल्या प्लेग इस्पितळांत शुश्रूषा करणाऱ्यांत कॅथलिक सिस्टरही आहेत. आत ओळखीचा झगा, ओळखीची जपमाळ दिसेल, हा दिलासा वाडीतल्या घरांना होता. लालबागच्या विणकऱ्याला तो कुठला? त्याची भीती अडाणीपणाची होती असं म्हणणं मला पटत नाही.

संध्याकाळी वाडीत माणसं जमतात, उरली आहेत तेवढी. या साथीच्या वर्षांत मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये गल्लोगल्ली क्रूस उभे राहिले. आजही लोक त्यांना प्लेगचे क्रूस म्हणतात. तुम्हीही मेणबत्ती घेऊन उभे राहता. रोझरी होते, मग लादीन ही सामूहिक प्रार्थना. संत सेबेस्टियन आणि संत रॉक, महामारीत धावा करायचे ते दोन संत, त्यांची नावं येतात. तुमच्या शेजारच्या बाईच्या अंगावर काळे कपडे आहेत. ती प्रत्येक ओळीला उत्तर देते, पण काही मागते आहे की देवाशी भांडते आहे, ते आवाजावरून कळत नाही.

प्लेग गेला नाही. दर हिवाळ्यात परतला. 1901 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. पण शेवटची उडी त्याआधीची, 1899 ची घ्या. हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने दोन वर्षांपूर्वी स्वतःला टोचून पाहिलेली लस आता परळच्या त्याच गव्हर्नमेंट हाउसमध्ये तयार होते. व्हिएगस यांनी स्वतः सुमारे 18,000 लोकांना टोचलं असं सांगतात.

तुम्हीही टोचून घेतलंय. दंड सुजलाय, अंगात कणकण आहे. क्रुसापुढे मेणबत्ती लावून वळता, तर वाडीच्या तोंडाशी शेजारच्या चाळीतल्या काकू उभ्या.

“तुमच्या देवाने सांगितलं का हो टोचायला?”

“डॉक्टरने सांगितलं.”

“दुखतं का फार?”

“दुखतं. दोन दिवस तापही येतो. येणार असाल तर उद्या सकाळी लवकर निघू, आणि धाकट्यालाही घ्या.”