आठवीचा पट आणि दहावीचा पट

१९७५ साली आपण दहावीची परीक्षा दिली, त्याला पन्नास वर्षे झाली. या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आठवणी लिहाव्यात असे ठरले. गुरुजींच्या छड्या, चैत्रातली भैरवनाथाची यात्रा, देवळाजवळच्या माकडांनी पळवलेल्या भाकरी हे सगळे इतर मित्र माझ्यापेक्षा जास्त रंगवून लिहितील. मी नोकरीभर इतिहास शिकवला. म्हणून मला आपल्या तुकडीचा थोडा इतिहासच लिहावासा वाटतो.

आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म १९५९-६० च्या सुमाराचा. म्हणजे १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा आपण पाळण्यात होतो. पण आपले आईवडील वेगळ्याच राज्यात लहानाचे मोठे झाले होते. सोनारी आणि सारा परंडा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारची बार्शी आणि करमाळा इंग्रजांच्या मुंबई प्रांतात. १५ ऑगस्ट १९४७ ला बार्शीत तिरंगा लागला. आपल्याकडे त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावे लागले. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर स्वातंत्र्य तेरा महिने अडून राहिले होते.

निजामाच्या काळात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते. घरात मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला तिथवर पोहोचणे अवघडच. आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक झाले, ते याच अडचणीतून वाट काढण्यासाठी. पण अशा शाळा किती असणार? आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांना सही येत होती, आणि आईच्या नावापुढे अंगठा होता. तेव्हा आपण हायस्कुलात गेलो ही आपल्या घरांच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती.

जून १९७२ मध्ये आपण आठवीत बसलो. त्याच वर्षापासून राज्यात नवा आकृतिबंध सुरू झाला. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा येणार होती, आणि गणित व विज्ञान सगळ्यांना सक्तीचे झाले. १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या एकाच वर्षी बाहेर पडल्या. आपल्या पुढची मुले आणि आपण एकदमच कॉलेजच्या दारात उभे राहिलो, हे अनेकांना आठवत असेल.

पण जून १९७२ ची खरी ओळख वेगळी आहे. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. या वर्षी तो आलाच नाही म्हणावे असा गेला. खरीप गेले, रब्बीची ज्वारी पेरताच आली नाही, विहिरींनी तळ दाखवला. बाजारात बैल मातीमोल किमतीला विकले गेले. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळायची, तिची भाकरी नीट थापली जात नसे. राज्यभर सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. देशातल्या आजच्या रोजगार हमीचे मूळ तिथे आहे.

त्या ५० लाखांत आपल्या वर्गातली मुलेही होती. घरातला जो हात घण उचलू शकेल किंवा पाटी वाहू शकेल तो कामावर जाई. मस्टरवर नाव लागले की मजुरी आणि सुकडी मिळायची. तेरा वर्षांच्या पोराने सकाळी हजेरी कुठे लावायची, शाळेत की मस्टरवर, हा प्रश्न अनेक घरांत चुलीपुढे सुटला. जी शाळेत राहिली ती जास्त हुशार होती असे नव्हे. कुणाच्या घरी एक भाऊ मोठा होता, कुणाचे वडील तलाठी किंवा गुरुजी होते, कुणाच्या विहिरीला हंडाभर पाणी होते.

मेळाव्याच्या तयारीसाठी शाळेने जुनी दप्तरे पाहू दिली. १९७२ चा आठवीचा पट आणि १९७५ चा दहावीचा पट मी शेजारी ठेवून वाचले. मधल्या तीन वर्षांत बरीच नावे गळाली आहेत. नावापुढे लाल शाईने ‘सतत गैरहजर’, ‘नाव कमी केले’ असे शेरे आहेत. मुलींची तर दहावीत एका बाकावर मावतील इतकीच नावे उरली. तेव्हाच्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १५ होते, ते १८ झाले १९७८ मध्ये. दुष्काळात खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून ज्या मुली पंधराव्या वर्षी, काही त्याआधीही, उजवल्या गेल्या, त्यांच्यासाठी ती सुधारणा उशिरा आली. आपल्या वर्गात फळ्यावरचे गणित सगळ्यांच्या आधी सोडवणारी मुलगी त्यांतच होती. नववीची परीक्षा तिने दिली नाही.

दहावी झालेल्यांची वाट ठरलेली होती. एस.टी.ने बार्शी. तिथे कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या संस्थेने परंडा, भूम, कळंबकडच्या किती पोरांना शिकवले याची गणती नाही. निजामाच्या काळात जी बार्शी सीमेपलीकडची होती, ती आपली शिक्षणाची पेठ झाली. बार्शीहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने पुणे किंवा मुंबई. अडीच फूट रुळांची ती बार्शी लाईट रेल्वे इंग्रजांच्या काळात, १८९७ मध्ये सुरू झाली होती. आपल्यापैकी निम्मे लोक पहिल्यांदा घर सोडून गेले ते तिच्याच डब्यातून. कोणी शिक्षक झाले, कोणी तलाठी, कोणी एस.टी.त, कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत. या स्मरणिकेतल्या परिचयांत ते सारे येईलच.

पट सोडून गेलेल्यांची वाट मात्र कुठे लिहिलेली नाही. काहीजण गावातच शेतात राहिले. बरेचजण दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाऊ लागले. नवराबायको मिळून एक कोयता, बैलगाडी, कारखान्याच्या गाळपेरात पाचटाची खोपी, आणि पाडव्याच्या आसपास परत. पश्चिम महाराष्ट्राची साखर ज्यांच्या घामावर निघाली त्यांत आपले वर्गबंधूही होते.

शाळेत परिपाठाला प्रार्थना सांगणारा आपला एक मित्र त्यांपैकीच. मेळाव्याचे निमंत्रण द्यायला मी त्याच्या वस्तीवर गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या, जुन्या गुरुजींच्या नकला झाल्या. निमंत्रणाचा कागद मात्र त्याने घेतला नाही. म्हणाला, “मी कुठं दहावी झालोय? तुमच्यात येऊन काय सांगू?” त्याने आयुष्याचे जवळपास तीस गळीत हंगाम उसात काढले. मुलगा फडात जाऊ नये म्हणून त्याला आजीपाशी ठेवून शाळेत घातले. तो मुलगा आज अभियंता आहे. आपल्या तुकडीत शिक्षणासाठी सर्वांत जास्त किंमत कोणी मोजली, असे मला विचारले तर मी त्याचे नाव घेईन.

त्याच्या त्या वाक्याने मी विचारात पडलो. समितीची पहिली यादी दहावीच्या निकालावरून झाली होती. साहजिकच होते, शाळेचे दाखले तसेच असतात. पण वर्गमित्र कोण, हे बोर्डाचा निकाल ठरवत नाही. आपण डबा त्यांच्याबरोबर खाल्ला होता, एकाच पाटावर बसलो होतो, एकाच दुष्काळात मिलोची भाकरी खाल्ली होती. त्यांचे नाव लाल शाईने कमी झाले आणि आपले राहिले, एवढाच फरक.

म्हणून समितीपुढे मी एक सूचना मांडली आणि सर्वांनी ती मान्य केली. या स्मरणिकेच्या शेवटी १९७२ च्या आठवीच्या पटावरची सगळी नावे छापली आहेत. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण असा रकाना त्यात नाही. मुलींची नावे माहेरच्या आडनावाने आहेत, कारण आपण त्यांना त्याच नावाने ओळखत होतो. ज्यांचा पत्ता लागला त्यांना बोलावणे गेले आहे. ज्यांचा लागला नाही, त्यांच्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे. तुमच्यापैकी कोणाला त्यातल्या कोणाची माहिती असेल तर कृपया समितीला कळवा.

आपल्या दाखल्यांवर जिल्हा उस्मानाबाद आहे, नातवंडांच्या दाखल्यांवर धाराशिव असेल. सोनारीच्या शिवारात आता साखर कारखाना उभा आहे आणि परगावचे कोयते आपल्याकडे ऊस तोडायला येतात. त्यांची मुले हंगामात पाच-सहा महिने आपल्याच गावात असतात. आपल्यातले निवृत्त शिक्षक आणि शाळेच्या मदतीसाठी निधी देऊ इच्छिणारे मित्र यांनी हे ध्यानात घ्यावे. आपली तुकडी जिथे गळाली तिथेच आजची काही मुले गळतात. आपण मेळाव्यात जो निधी जमवणार आहोत, त्यातला पहिला वाटा त्या मुलांची हजेरी सुटू नये यासाठी खर्च व्हावा, ही माझी दुसरी सूचना आहे. तिच्यावर मेळाव्यात बोलू.

तो मित्र येईन म्हणाला आहे. प्रार्थना त्यालाच सांगायला लावा.