एकास त्रेचाळीस

बदनापुरात माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, की हा बँकेत आहे म्हणजे माणूस बरा असावा. आणि दुसरं, की बँकेत असूनसुद्धा हा वेडा आहे. दुसऱ्या मताच्या प्रसाराचं श्रेय मी स्वतःकडे घेतो. एका रविवारी भर दुपारी मी स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीची लांबी शिंप्याच्या टेपनं मोजत होतो. पाच-पंचवीस उतारू जमले. एका मुंडासेवाल्यानं विचारलं, "सायेब, गाडी जप्तीत निघाली का काय?" बँकेतल्या माणसानं टेप लावला म्हणजे जप्तीच, अशी आमच्याकडे समजूत आहे आणि ती अगदीच निराधार नाही. मी म्हटलं, "नाही हो, घरी एक करायची आहे." त्यावर तो जो मागे सरकला, तो जालन्याची गाडी लागेपर्यंत पुन्हा जवळ आला नाही.

तर खुलासा करतो. मला गाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याचा नाद आहे. बाजारातली तयार छोटी गाडी आणायची, तिचा रंग खरवडायचा, चाकं बदलायची, टपावर कॅरियर चढवायचं आणि तिची भलतीच गाडी करून टाकायची. नाहीतर पुठ्ठ्यापासून सगळीच नव्यानं उभी करायची. भांडवल फार लागत नाही. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा (वैशाखात कच्चा माल मुबलक), सनबोर्डचे तुकडे, फेव्हिकॉल, दाढीचं पातं, आणि इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. या बुचांची चाकं फार सुरेख होतात. एसटीच्या लाल रंगाशी तंतोतंत जुळणारा रंग मला जालन्यापासून औरंगाबादपर्यंत (आता छत्रपती संभाजीनगर) कुठल्याही रंगाच्या दुकानात सापडला नाही. तो शेवटी सौ.च्या नेलपॉलिशच्या बाटलीत सापडला. ही गोष्ट तिला तीन आठवडे माहीत नव्हती. चौथ्या आठवड्यात तिच्या भावाचं लग्न होतं.

सौ.चं म्हणणं असं, की चव्वेचाळीस वर्षांच्या माणसानं गाड्या खेळू नयेत, गाडी घ्यावी. या आरोपातून सुटण्यासाठी मी इतिहासाकडे वळलो. वकील करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. बी.कॉम.ला इतिहास नसतो, त्यामुळे मन कोरं होतं.

आणि पहिल्याच झटक्याला घबाड मिळालं. आमच्यापासून फार लांब नाही, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून गाव आहे. १९७४ साली तिथं एक भिल्ल शेतकरी झाडाचा बुंधा खणून काढत होता, तेव्हा कुदळीला काशाच्या चार वस्तू लागल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक म्हैस आणि एक बैलांचा रथ. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. आता लक्ष देऊन ऐका. गेंडा चाकांवर उभा आहे. म्हैस चाकांवर उभी आहे. हत्तीची चाकं हरवलीत, पण आस बसवायची जागा शाबूत आहे. रथ ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद. त्याला दोन बैल जुंपलेले आणि मागे हाकणारा उभा. हाकणाऱ्याची उंची १६ सेंटिमीटर. मी लगेच कागद ओढला. माणूस साडेपाच फुटांच्या आसपासचा धरला तर हे प्रमाण पडतं जवळजवळ एकास दहा! म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कुणीतरी आमच्याच पंथाचा माणूस बसला होता. हा ठेवा उत्तर हडप्पा काळातला असं बरेच जाणकार मानतात. धातूचं मिश्रण पाहून त्या काळाबद्दल शंका घेणारेही आहेत. तो देवाच्या मिरवणुकीसाठी केला असावा, असंही म्हणतात. मला ते पटतं. साठ किलोचं काशाचं सामान घरात आणल्यावर बायकोला काहीतरी सांगावं लागतंच, आणि देवाचं आहे म्हटलं की निम्मी बोलणी वाचतात.

दुसरा पुरावा नाटकाचा. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चं नावच मुळी मातीच्या गाडीवरून पडलेलं आहे. चारुदत्ताचा पोरगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला, त्याला आता घरची मातीची नको. वसंतसेनेला दया येते, ती अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. गाडी सजवण्याची इतकी महाग हौस मी दुसरीकडे वाचलेली नाही. पण पुढं काय होतं? हेच दागिने परत करायला निघालेल्या मैत्रेयाच्या काखेतून नेमके न्यायालयात खाली पडतात, चारुदत्तावर पुरावा होतात आणि सुळाची शिक्षा होते. सौ.ला मी ही गोष्ट अर्धीच सांगितली.

आमच्या लहानपणी दागिन्यांचा प्रश्न नव्हता. ज्वारीच्या धाटाची साल सोलायची, आतल्या भेंडाची चाकं कापायची, सालीच्या काड्या टोचून साटा जोडायचा, बैलगाडी तयार. जुन्या स्लीपरची चाकं ही श्रीमंती. पोळ्याला मातीचे बैल यायचे, ते या गाडीला जुंपले की जू मोडायचं, कारण बैल एकास दहा आणि गाडी एकास वीस. प्रमाण म्हणजे काय, हे मला पाटीवर नाही, तिथं कळलं. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात. दायमाबादची म्हैस कुठं गेली असं कुणी विचारलं, तर मी नागपूरकडे बोट दाखवीन.

आता हे एकास त्रेचाळीस कुठून आलं, ते सांगतो, कारण त्यात आमच्या जातीचा एक थोर पुरुष आहे. जात म्हणजे कारकुनाची. लिव्हरपूलला फ्रँक हॉर्नबी नावाचा माणूस एका मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचा. फावल्या वेळात तो पोरांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापून, भोकं पाडून, नटबोल्टनं जोडून क्रेन करून द्यायचा. १९०१ साली त्यानं या कल्पनेचं पेटंट घेतलं. तोच पुढं प्रसिद्ध झालेला मेकॅनो. त्यानंतर त्यानं खेळण्यातल्या आगगाड्या काढल्या. त्यांच्या रुळांत ३२ मिलिमीटर अंतर. त्या हिशेबानं खऱ्या एका फुटाला खेळण्यात सात मिलिमीटर. स्टेशन झालं, हमाल झाले; मग स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी नकोत? त्या केल्या, आणि १९३४ पासून त्या डिंकी टॉईज म्हणून विकल्या जाऊ लागल्या. फुटाला सात मिलिमीटर म्हणजे बरोबर एकास साडेत्रेचाळीस. वरचा अर्धा पुढं हिशेबात कुणी धरला नाही. आमच्याकडे लेजरच्या काळात अर्ध्या रुपयाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत घरी जाता येत नसे, असं जुने लोक सांगतात. हॉर्नबी मात्र १९३१ साली पार्लमेंटात निवडून गेला. हिशेबनीस! मी अजून आमच्या पतसंस्थेच्या निवडणुकीतही पडतो.

या जुन्या गाड्यांना एक रोग होतो. ओतीव जस्तात शिशाची भेसळ झाली की वर्षानुवर्षं कपाटात नुसती ठेवलेली गाडी आपोआप तडकते, फुगते आणि भुगा होते. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. मुदत ठेवीचंही असं होतं, फक्त तिथं कारण महागाई असतं.

मग लंडनचा जॅक ओडेल. शाळेत काड्यापेटीत मावेल तेवढंच खेळणं आणायला परवानगी, म्हणून त्यानं लेकीसाठी पितळेचा एक इवलासा रोडरोलर केला. त्यातून १९५३ साली मॅचबॉक्सच्या गाड्या निघाल्या. त्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाच्या बग्गीची छोटी प्रतिकृती त्यांनी दहा लाखांवर खपवली. म्हणजे डिंकीचं माप आगगाडीनं ठरवलं आणि मॅचबॉक्सचं काड्यापेटीनं. अमेरिकेत १९६८ मध्ये हॉट व्हील्स आल्या, त्या तर मुळातच सजवून, नटवून, उडवायच्या म्हणून केलेल्या. आपल्याकडे डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं निकी टॉईज निघू लागल्या. तळाच्या पत्र्यावरचं 'डिंकी' खोडून 'निकी' केलेलं असायचं. खोडलेल्या जागेवर सही हवी, असं माझ्यातल्या कारकुनाला अजूनही वाटतं.

पण या सगळ्या मोटारी साहेबाच्या. बदनापूरची मोटार एकच, एसटी. आमच्या मुलखात सरकारी बस निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली काढली, २७ गाड्यांनिशी. तिकडे पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी १ जून १९४८ ला सुटली. मराठवाड्याची बससेवा १९६१ मध्ये महामंडळात आली. आणि आमच्या पंथाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे एसटी नुसता सांगाडा विकत घेऊन वर आपल्या हातानं बॉडी चढवीत आली. दापोडी, हिंगणा आणि आमच्या वाटेवरचं चिकलठाणा, या तीन कार्यशाळांत. जाणकार नंबरावरून ओळखतात, एमएच २० म्हणजे चिकलठाण्याची. म्हणजे मी लग्नपत्रिकेत करतो तेच ते पत्र्यात करत आले, फरक फक्त त्रेचाळीस पटीचा. वजनाला मात्र हा हिशेब लागत नाही. तिथं त्रेचाळीसचा घन, म्हणजे ७९,५०७. दहा टनांची बस माझ्या प्रमाणात सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास भरायला हवी. माझी भरली एकशे दहा. उतारू कमी होते असं समजा.

ही बस मी आण्णांसाठी केली. आण्णा, म्हणजे आमचे वडील, तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. माझ्या बाकीच्या गाड्यांकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. ओसरीवर बसून ते रस्ता बघतात. अजूनही एखादी गाडी गिअर खरखरवत गेली की त्यांचा डावा पाय हलतो.

माझ्याकडे त्यांच्या गाडीचा एकच फोटो होता. दसऱ्याचा, झेंडूची माळ घातलेली, मागच्या बाजूनं काढलेला. पाठीमागे तारीख नाही. चार महिने लागले. बाके तीन-दोनची, टपावर कॅरियर, मागे शिडी, घंटीची दोरी, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही एक मिलिमीटरची अक्षरं (यात माझ्या चष्म्याचा नंबर वाढला). फक्त पुढचा डावा कोपरा करताना हात थांबला. १९९४ साली, पोळ्याला आठ दिवस असताना, दिवेलागणीला एका पुलाजवळ बुजलेला बैल त्यांच्या गाडीसमोर आला होता. बैल गेला. चौकशी झाली, आण्णांची चूक निघाली नाही. तरी त्यांनी त्या शेतकऱ्याला बैलाची किंमत पगारातून हप्त्यानं दिली, चौदा महिने. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आईचं आणि त्यांचं या विषयावर झालेलं बोलणं मी पांघरुणातून ऐकलंय. पत्रा ठोकून सरळ केला, पण रंगाखाली पोक राहिला तो राहिलाच.

मी विचार केला, प्रतिकृतीला तारीख असते. आपण ही गाडी १९९३ ची धरू. फोटोत तो कोपरा दिसतच नाही. इतिहास लिहिणाऱ्याला इतकी सोय क्वचित मिळते. मी कोपरा गुळगुळीत केला, वर नेलपॉलिशचे दोन हात दिले.

आण्णांनी गाडी हातात घेतली. खिडक्या मोजल्या. वायपर पाहिले. मागची शिडी बोटानं चाचपली.

"कोणत्या सालची केलीस?"

"त्र्याण्णवची."

"ही शिडी त्र्याण्णवला नव्हती. जुनी मोडली होती. ही पंच्याण्णवच्या पावसाळ्यात बसवली."

मी गप्प. फोटो म्हणजे पंच्याण्णवचा, निदान त्यानंतरचा. आण्णांनी गाडी फिरवून तोंड स्वतःकडे केलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "मग हा कोपरा असा कसा?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर त्यांनी अंगठा ठेवला आणि हलकेच दाबला. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा आत गेला, रंगाला बारीक चीर पडली. थोडं लांब धरून पाहिलं. आणखी एकदा, जरा खालच्या बाजूला, दाबलं.

"त्याची जोडी पुन्हा जमली नाही," ते म्हणाले. "दुसरा बैल त्यानं बाजारात काढला."

आतून कुकरची शिट्टी झाली. आण्णांनी बस ओसरीच्या फरशीवर ठेवली आणि दोन वीत पुढं ढकलली.

"चाकं फिरतात की रे."

"फिरतात. पण पुढची वळत नाहीत, आण्णा."

"मग वळणावर काय करतोस?"