मायेचे ऋण आणि लाखांची दृष्टी

आमच्या जिंतूर तालुक्यात 'म्हातारपण आले, आता दिसणार कसे?' हे वाक्य पिढ्यान्पिढ्या शांतपणे उच्चारले गेले. केस पिकावे, दात पडावे, तद्वत डोळ्यात पडदा यावा, अशीच सर्वांची समजूत! वस्तुतः मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे, आणि त्यावर शस्त्रकर्म होऊ शकते हे आपल्या देशास सुश्रुताच्या काळापासून ठाऊक होते. परंतु ज्ञान ग्रंथात असणे वेगळे आणि ते ओसरीवर बसलेल्या आजीपर्यंत पोहोचणे वेगळे. निजामी राजवटीत आमच्या भागास वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि 1956 साली त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तोवर किती वडीलधारी माणसे अंधारातच गेली, याची गणती कोणी ठेवली?

अशा या मराठवाड्याच्या मातीतून डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारखा नेत्रवैद्य निपजावा, याचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते. ते कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न या स्मरणिकेच्या वाचकांनी घटकाभर बाजूस ठेवावा. दृष्टी देताना त्यांनी तो कधी विचारलेला नाही.

1957 साली माकेगाव येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे. लातूर जिल्हा 1982 साली वेगळा झाला. मराठवाडा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी आणि पुढे नेत्रशल्यशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवून ते अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक झाले. ज्या संन्याशाने हैदराबादचा मुक्तिलढा चालविला, त्याच्या नावाच्या संस्थेत या तरुणाने उमेदीची वर्षे वेचली.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना लेखणी थबकते. ऐन उमेदीत त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. रक्तशुद्धीच्या यंत्रावर दिवस काढणाऱ्या या मुलास त्यांच्या मातोश्री अंजनाबाई यांनी 1995 साली आपले एक मूत्रपिंड दिले. प्रत्यारोपण झालेल्या मनुष्यास जन्मभर औषधे घ्यावी लागतात, आणि त्या औषधांनी रोगाशी झुंजण्याची शरीराची शक्ती क्षीण होते. अशा मनुष्याने गर्दी आणि जंतुसंसर्ग टाळावा, असा सल्ला कोणीही देईल. डॉक्टरांनी मात्र आपले आयुष्य रुग्णांच्या गर्दीतच घातले! आईने दिलेले आयुष्य जपून ठेवायचे की खर्चायचे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले हे उत्तर होते. त्याची चिंता घरच्यांनी कशी वाहिली असेल, हे आमच्या भगिनीवर्गास सांगणे नलगे.

मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयाच्या नेत्रविभागाचे ते प्रमुख झाले. 1845 सालापासून गोरगरिबांस आधार असलेल्या त्या रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले. येथे शस्त्रक्रियेतील पालटाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पूर्वी गढूळ भिंग काढून टाकीत आणि रुग्णास जाड काचेचा चष्मा देत. तसे चष्मे नाकावर सांभाळणारे आजोबा आपल्यापैकी पुष्कळांस आठवत असतील. चष्मा फुटला की पुन्हा अंधार! 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविले. ती कल्पना वैद्यकविश्वाने दीर्घकाळ संशयानेच पाहिली, आणि आपल्याकडील सामान्य रुग्णापर्यंत ती येण्यास कित्येक दशके लागली. पुढे अगदी लहानशा छेदातून मोतीबिंदू विरघळवून काढण्याची रीत आली. धनिकांच्या रुग्णालयांत मिळणारी ही सोय सरकारी खाटेवरील शेतमजुरास मिळवून देण्यात डॉ. लहाने आणि त्यांच्या सहकारी डॉ. रागिणी पारेख यांचा वाटा मोठा आहे. डॉक्टरांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांची संख्या लाखाच्या पुढे गेली, आणि 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हांस मात्र त्या संख्येहून आनंदवनातील त्यांची शिबिरे अधिक मोलाची वाटतात. कुष्ठरोगात पापण्या मिटविणारा स्नायू दुबळा होतो, बुबुळाची संवेदना जाते, उघडा डोळा धुळीने जखमी होतो. ज्यांना स्पर्श करण्यास जग कचरत असे, त्या रुग्णांच्या डोळ्यांवर बाबा आमटे यांच्या आनंदवनात या मंडळींनी शस्त्रक्रिया केल्या.

पुढे ते रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचे संचालक झाले. 2021 साली शासकीय सेवेतून निवृत्त झाले. पदांची ही यादी आम्ही लांबवीत नाही. त्यांचे बंधू डॉ. विठ्ठल लहाने यांनी लातुरात दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर शस्त्रक्रिया करण्याचे व्रत घेतले, हे मात्र सांगितलेच पाहिजे. एका शेतकऱ्याच्या घरातून दोन शल्यवैद्य निघाले, आणि दोघांचेही रुग्ण बहुतांशी गरीब.

2023 साली परभणीसही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिंतूरहून ते सकाळच्या एस.टी.ने गाठण्याइतके जवळ आहे.